भासऱ्यांचे हंस

आमच्या घरी हंस आले त्या दिवशी भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, वेशीवर वाजंत्री बोलावली होती. कशासाठी वाजवायचं, हे वाजवणाऱ्यांनाही सांगितलेलं नव्हतं. लग्न नाही, बारसं नाही, पण बिदागी आधीच हातावर पडलेली, तेव्हा ते बिचारे गाडीपुढे वाजवत वाजवत आमच्या अंगणापर्यंत आले. गाडी थांबली. अर्धं गाव जमलं. भासऱ्यांनी जरीच्या पागोट्यासकट वाकून गाडीतून स्वतः एक टोपली उतरवली आणि तिच्यावरचं रेशमी फडकं दूर केलं. आत सात पिल्लं होती. पिवळट, मळकट, स्वतःच्याच घाणीत बसलेली आणि सारखी चिंचिं करणारी. वाजंत्री आपोआप थांबली.

"हे हंस?" शेजारची म्हातारी म्हणाली. "मले तं कोंबडीचे पिल्लं दिसून राहिले बाप्पा."

भासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अडाणी माणसांकडे बघायचं नाही हा त्यांचा नवा नियम होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हेच भासरे त्याच म्हातारीच्या उकिरड्यावरून मिरचीच्या रोपांसाठी खत मागून आणायचे.

मी लिहायला शिकले ते म्हातारपणी, नातीच्या पाटीवर. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते सगळे गेले, हंससुद्धा गेले. तेव्हा कुणाला काय वाटेल याची भीती उरलेली नाही. खरं तेच लिहिते, आणि खरं लिहायचं तर माझ्या सासरच्या माणसांसारखी बिनडोक माणसं मी आयुष्यात दुसरी पाहिली नाहीत.

आम्ही जातीचे माळी. माझं माहेर अकोल्याजवळ, मोर्णेच्या काठी. सासर अमरावतीपासून सकाळी डोक्यावर टोपली घेऊन निघालं की उन्हं तापायच्या आत बाजारात पोचता येईल एवढ्या अंतरावर. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात भासरे, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊबाई, आणि आम्ही दोघं. चार माणसांचं पोट विहिरीखालच्या वाडीवर भरायचं. वाडी म्हणजे आमची भाजीची जमीन. मेथी, पालक, वांगी, मिरच्या, एका कडेला झेंडू. पहाटे मोट चालायची आणि सकाळी आम्ही दोघी जावा टोपल्या घेऊन बाजाराला.

मग सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला अचानक सोन्याचं मोल आलं. कुणाची लढाई, कशाची लढाई, भासऱ्यांना ठाऊक नव्हतं, पण ते तिच्याबद्दल असं बोलायचे जणू त्यांनीच जाऊन लावून दिली होती. त्यांनी काळी जमीन वाहायला घेतली, कापसाची पऱ्हाटी लावली, पुढच्या वर्षी आणखी घेतली, आणि बघता बघता आम्ही श्रीमंत झालो. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढली. दाराला नक्षीची चौकट आली. घर मात्र तेच मातीचं, बुटकं, म्हणून चौकट दोन बोटं कापून बसवलेली. पागोटं घालून आत शिरताना भासरे रोज डोकं आपटून घ्यायचे आणि रोज सुताराला शिव्या द्यायचे.

सगळ्यात मोठी लाज त्यांना भाजीची वाटू लागली. जाऊबाईंची टोपली त्यांनी मोडून चुलीत घातली. वाडीचे तुकडे एकेक करून पऱ्हाटीखाली गेले. शेवटी विहिरीलगतचा एकच पट्टा राहिला, आणि तो राहिला कारण तो मी करायचे. माहेरून आणलेलं वांग्याचं बी तिथे होतं. माझ्या आईने निवडलेलं, आजीने तिला दिलेलं. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काहीही नव्हतं. नवरासुद्धा माझा नव्हता. तो त्याच्या भावाचा होता. "दादा म्हन्तीन तसं," हे त्याचं उठतानाचं आणि झोपतानाचं वाक्य. तो पट्टाही येत्या मृगात मोडायचा, असं भासऱ्यांनी होळीच्या आधीच जाहीर केलं होतं. त्या पट्ट्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि मला करावं लागलं ते हे की हंस पाळावे लागले.

हंस कुठून आले ते सांगते. भासरे एकदा परतवाड्याच्या छावणीत कुणा साहेबाकडे कापसाच्या बोलण्यासाठी गेले होते. साहेबाच्या बंगल्यापुढे पांढरेशुभ्र मोठे पक्षी मान वर करून चालताना त्यांनी पाहिले. तेव्हापासून त्यांना झोप लागेना. हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन, हंस म्हणजे राजाच्या तळ्यात असतात ते, आणि तसे ते आपल्या दारी असले म्हणजे कोण म्हणेल आपल्याला भाजीवाला? पुन्हा गाडी जोडून गेले आणि साहेबाच्या खानसाम्याकडून ही सात पिल्लं घेऊन आले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं आमचं घर आणि आमचे हंस.

गाडी हाकायला माझा नवरा होता. पिल्लांना काय घालायचं, कसं ठेवायचं, हे खानसाम्याने भासऱ्यांनाच समजावायला घेतलं होतं. पण खानसाम्याशी बोलणं पागोट्याला शोभेना म्हणून ते गाडीत जाऊन बसले. मग त्याने ते माझ्या नवऱ्याला सांगितलं. हे पुढे फार उपयोगी पडलं. माझ्या नवऱ्याने आयुष्यभरात घरी आणलेली ती एकच कामाची गोष्ट.

पिल्लं आली त्याच दिवशी पुराणिकबुवांना बोलावणं गेलं. बुवा अंगाने भरलेले आणि बोलण्याने त्याहून भरलेले. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं, नाकाला उपरणं लावलं आणि सांगितलं की हंस दोन गोष्टींनी ओळखावा. पाण्यात दूध मिसळून ठेवलं तर तो दूध तेवढं पितो आणि पाणी मागे ठेवतो. आणि तो मोती खातो.

झालं. भासऱ्यांनी चांदीचं ताट मागवलं. निम्मं दूध, निम्मं पाणी. सातही पिल्लं प्रवासाने तहानलेली, ती ताटावर अशी तुटून पडली की दोन त्यात उलटी झाली. दूधही गेलं, पाणीही गेलं, आणि उरलं ते सगळ्यांच्या अंगाला चिकटलं. "लहान हायेत अजून," बुवा म्हणाले. "सवय लागंल." म्हणून ते दूधपाणी रोज तिन्ही त्रिकाळ सुरू झालं. फाल्गुनातलं ऊन. दुपारपर्यंत ताटातलं दूध नासायचं, आणि तेच पिऊन पिल्लं हगवणीने गळायची.

अंथरूण कशाचं, तर कापसाचं. नव्या सरकी काढलेल्या रुईची हातभर जाड गादी. गावातले लोक गोधडीवर निजतात आणि आमचे हंस रुईवर, हे भासऱ्यांनी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पंधरा वेळा सांगितलं. रुईचे तंतू पिल्लांच्या पायांत गुरफटायचे. एकाचा पाय इतका आवळला गेला की सुजून काळा पडला. आणि पिल्लू समोर दिसेल ते टोचतं, ती रुई टोचायची आणि गिळायची.

राहता राहिला मोती. तो जाऊबाईंच्या नथीतून निघाला. नाकापेक्षा मोती जड, असं आम्ही माहेरी म्हणायचो; इथे तर जड मोती उपटून पिल्लाच्या पुढ्यात टाकला. एका पिल्लाने तो खडा समजून गिळला आणि भासरे आनंदाने ओरडले, "खाल्ला! खाल्ला! पाह्यलं?" जाऊबाई दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मला त्या पिल्लाची विष्ठा चाळायला बसवलं. चौथ्या दिवशी मोती सापडला. तो चिंचेच्या पाण्याने धुऊन पुन्हा नथीत बसला. पुढे कितीतरी लग्नांत जाऊबाई ती नथ नाक वर करून मिरवत आल्या, आणि मी समोर उभी राहून ओठ चावत हसू दाबत राहिले.

सहा दिवसांत चार पिल्लं मेली. भासऱ्यांना दुःख झालं नाही, अपमान झाला. आणि अपमान झाला की आमच्या घरात तो कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचा असतो.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. तिने डोक्यावरून पदर पुढे ओढून आडोशाला उभं राहायचं, त्याने खाकरून घरात यायचं. पण एका छपराखाली राहून बोलल्यावाचून भागतं कसं? मग तो बैलाशी बोलतो आणि ती भिंतीशी. "काय रे बैला, आज कोनी जेवाले वाढंल का नाई?" असं गोठ्यातून ऐकू आलं की मी पान मांडायचं. "भिंती, मीठ सरलं वं," असं मी म्हटलं की संध्याकाळी मीठ यायचं. आठ वर्षं आमचा संसार बैल आणि भिंत यांच्या मध्यस्थीने चालला होता, आणि खरं सांगते, त्या चौघांत अक्कल त्या दोघांनाच जास्त होती.

त्या दिवशी भासरे टोपलीजवळ उकिडवे बसले आणि उरलेल्या तीन पिल्लांना म्हणाले, "काय करता बाप्पा हो, या घरात तुमच्याकडे कोनी ध्यानच देत नाई. वांग्याकडे ध्यान हाये, तुमच्याकडे नाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दाराआडूनच पिल्लांना म्हटलं, "पिल्लं हो, तुमाले दूध पाजून कोनं मारलं? तुमच्या पोटात रुई कोनं घातली? तुमाले पुरते माह्या हातात द्या म्हना, मंग सांगा."

अंगणात सगळ्यांनी ते ऐकलं. जाऊबाई, माझा नवरा, पुराणिकबुवा, पाण्याला आलेल्या दोन बायका. भासऱ्यांचा चेहरा लाल झाला. पण बोललेलं पिल्लांना होतं, त्यांना रागावता येईना. मग एका पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाले, "ठीक हाये. हंस हो, तुमी तिच्या हातानं मृगापर्यंत जगले, तं तो विहिरीजवळचा पट्टा मी मोडनार नाई. माहं वचन हाये."

मी टोपली उचलली आणि वाडीत घेऊन गेले.

रात्री मी नवऱ्याला विचारलं की खानसामा नेमकं काय बोलला होता. त्याने डोकं खाजवून सगळं सांगितलं. दूध अजिबात नको. हिरवं गवत द्या. रेती द्या, म्हणजे खाल्लेलं दळलं जाईल. कोरडं ठेवा, उबेत ठेवा. पाणी सारखं समोर असू द्या, पण पोहण्याइतकं नको. "मंग घरी आल्याबरोबर सांगितलं काहून नाई?" मी विचारलं. तो म्हणाला, "दादा बोलून राहिले होते ना." चार जीव गेले, कारण दादा बोलत होते.

पिल्लू म्हणजे रोपच आहे, हे मला दोन दिवसांत कळलं. वाफ्यातलं कोवळं रोप जसं लाडाने मरतं, जास्त पाण्याने मरतं, तसंच हे. वांग्याच्या ओळींमागे मी कुडाचं एक खोपटं केलं. खाली कापूस नाही. तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, अंथरलं, खरबरीत, म्हणजे पाय घसरून फाकत नाहीत, आणि ते रोज बदललं. पहाटेच्या गारठ्यासाठी एका मडक्यात चुलीतली गरम राख भरून, गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवायची. पिल्लं तिला आई समजून टेकून निजायची. पिल्लं मडक्यापासून लांब जाऊन धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली, एकावर एक चढून ओरडू लागली तर कमी झाली. हे मला कुणी शिकवलं नाही, बघितलं की दिसतं. बघायला मात्र डोक्यावर पागोटं नसावं लागतं.

पाण्याला मातीचं परळ, त्यात चार मोठे दगड. पिल्लाचं डोकं नाकपुड्यांपर्यंत बुडलं पाहिजे, नाहीतर चोच आणि डोळे चिकटतात. पण सगळं पिल्लू बुडता कामा नये, कारण आई नसलेल्या पिल्लाची लव भिजली की ते काकडून मरतं. खायला ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या, आणि हरळी, घोळ, तांदुळजा, सगळं विळीवर बारीक चिरून. तांदुळजा दिसला की तिघं अशी धावायची की एकमेकांच्या अंगावरून पडायची. नाल्यातली जाड रेती एका खापरात वेगळी. सुजलेल्या पायाच्या पिल्लाला मी रोज हळदीच्या कोमट पाण्यात उभं करायचे. ते पुढे बरं झालं, थोडं लंगडत राहिलं एवढंच.

चैत्र-वैशाखात घार यायची, मुंगूस यायचं. मी निंदताना तिघांना बरोबर ठेवायचे. त्यांना कुणी सांगितलं होतं की मी त्यांची आई, देव जाणे. मी ओळीतून सरकले की तीही सरकायची, मी विहिरीवर गेले की काठावर रांगेने उभी राहायची. मी त्यांच्याशी बोलायचे. भासऱ्यांना बोलायचं ते नव्हे, माझंच काहीबाही. घरात माझ्याशी सरळ बोलणारं कुणी नव्हतं, आणि मला त्या तिघांचा लळा लागला. लव गळली, पिसं फुटली, आणि एक दिवस मान अशी उंच झाली की खोपट्याच्या दारातून मावेना. दोन पांढरे, एक करडा. भासऱ्यांना करड्याची लाज वाटली. पाहुणे आले की त्याला टोपलीखाली झाका, असं ते बैलाला सांगायचे.

रोहिणी संपली, मृग लागला. तिन्ही हंस जिवंत, गुबगुबीत आणि माजोरी. आदल्याच आठवड्यात लंगड्याने पुराणिकबुवांच्या पोटरीला असा चावा घेतला होता की बुवा धोतर सावरत वेशीपर्यंत पळाले. मी पैज जिंकली होती. मेथीचे सहा वाफे फुलून आले होते, आईच्या बियाची वांगी तोडणीला आली होती.

मृगाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत गेले तर पट्ट्यात नांगर उभा होता. सहापैकी चार वाफे उलटे झाले होते. वांग्याची झाडं फळांसकट मातीत गाडली जात होती. आणि नांगराच्या मुठीवर माझा नवरा होता.

मी किंचाळले. घरी धावत आले, आणि पदर बिदर विसरून अंगणात उभी राहून हंसांकडे बोट दाखवत म्हणाले, "वचन देलं होतं ना! साऱ्यायसमोर देलं होतं!"

भासरे ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांनी चुना लावून घेतला, पानाची घडी केली, आणि बैलाकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "वचन मी हंसायले देलं होतं. भासरा कधी लहान भावाच्या बायकोशी बोलते काय? मी तिले काईच बोललो नाई." आणि पान तोंडात टाकलं.

ओट्यावरची माणसं हसली. पुराणिकबुवा म्हणाले, युक्तिवाद बिनतोड आहे.

मी आयुष्यात पुष्कळ माणसांचा राग केला, पण त्या क्षणी भासऱ्यांचा जो तिरस्कार मला वाटला तो राग नव्हता. राग जातो. मी परत वाडीत गेले, नांगराच्या मागून चालत मातीतून वांगी उपसली आणि त्यातलं एक पिकलेलं फळ पदरात बांधलं, बियासाठी. नवरा नांगर थांबवून म्हणाला, "दादानं सांगतलं म्हून..." त्या दिवसापासून मी त्याच्याशीही भिंतीमार्फत बोलू लागले.

पट्ट्यात पऱ्हाटी उगवली. पाऊस चांगला झाला, गवत त्याहून चांगलं झालं, आणि निंदायला मजूर मिळेनात, कारण साऱ्या मुलखाने कापूसच पेरला होता. मी हंसांना चरायला दुसरीकडे कुठे नेणार? त्याच पट्ट्यात सोडले. तिथे एक गंमत दिसली. हंस ओळींमधून फिरायचे, गवताची पातं न पातं मुळापासून उपटून खायचे, आणि पऱ्हाटीच्या रोपाला चोचही लावत नव्हते. पंधरा दिवसांत पट्टा लख्ख झाला, रोपं जशीच्या तशी.

भासऱ्यांना हे कळलं आणि ते उडायचेच बाकी राहिले. गाव बोलावलं. पुराणिकबुवा आले, हंसांपासून लांब उभे राहून म्हणाले, "हाच तो विवेक! गवत वेगळं, लक्ष्मी वेगळी. लक्ष्मीच्या झाडाले तोंड लावत नाईत." भासऱ्यांनी डोळे पुसले. खरंच पुसले. पुढच्या वर्षी घरची ज्वारीसुद्धा लावायची नाही, सगळीकडे पऱ्हाटी, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

मी बांधावर बसले होते. लंगडा माझ्या मांडीला चोच घासत होता. मी त्याला मोठ्याने विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काहून रे, तुमी पऱ्हाटी काहून खात नाई? कारन ते खायचं झाड नाई म्हून ना? मंग एवढं तुमाले समजते, अन् पागोटेवाल्यायले काहून समजत नाई?"

कुणीतरी फिसकन हसलं. भासऱ्यांनी मान वळवली, तोंड उघडलं, आणि मिटलं. मी त्यांना कुठे बोलले होते? मी हंसाला बोलले होते.

पुढल्या वर्षी सातासमुद्रापलीकडची ती लढाई संपली. भासऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या आणि भाव नाही म्हणून तशाच घरी परतल्या. आमच्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवघरात देवाच्या मागे कापूस. शिंगांची टोपणं गेली. ज्वारी बाहेरून आणायची, तीही माणशी मोजून. महिना महिना पानात हिरवं काही दिसायचं नाही, कोरडी भाकर आणि लाल मिरची.

एके दिवशी दारावर भाजीवाली आली. आमच्याच गावची, पूर्वी माझ्याकडून मेथीचं बी नेणारी. पालकाच्या दोन जुड्या काढून दाराशी ठेवत ती म्हणाली, "काय दिवस आले माय! माळ्याच्या घरी भाजी विकून राहिली मी." तिच्या मनात काही नव्हतं. पण भासरे ओट्यावर होते. ते उठून आत गेले, चौकटीला डोकं आपटलं, आणि त्या दिवशी सुताराला शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी ते अंगणात येऊन हंसांपुढे उभे राहिले. खाकरले. "हंस हो, सांगा तिले, विहिरीजवळच्या पट्ट्यात मेथी लावाले काई हरकत नाई."

मी धान्य पाखडत होते. पाखडत राहिले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "हंस हो, सांगा तिले, पट्टा घे म्हना." मी चुलीपुढून उठले नाही. चौथ्या दिवशी आणि पाचव्या दिवशीही तेच. जाऊबाई मला आत येऊन म्हणाल्या, "एवढा ताठा बरा नाई वं." मी म्हटलं, "भासरे माह्याशी बोललेच नाईत, जाऊबाई. ते कधी बोलत नाईत, गावाले ठाऊक हाये."

सहाव्या दिवशी सकाळी ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पागोटं नव्हतं. पागोट्याशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. टक्कल पडलेलं, कपाळावर चौकटीचे व्रण. हंसांकडे नाही, बैलाकडे नाही, माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बाई, चुकलं माहं. वाडी तुही हाये. लाव."

मी पदर पुढे घेतला आणि काही बोलले नाही. त्यांनी रीत मोडली होती, मी नाही मोडली.

पट्ट्यातल्या पऱ्हाट्या माझ्या नवऱ्याने उपटल्या. दादांना न विचारता, एवढं त्याच्या नावावर लिहून ठेवते. पदरात बांधून आणलेल्या वांग्याचं बी मी वर्षभर राखेत ठेवलं होतं, ते फोकलं आणि बाजूला मेथी पेरली. मेथी आधी आली. महिन्याभरात वीतभर झाली, कोवळी, हिरवीगार. पहिली जुडी मी उपटून अंगणात आणली तेव्हा घरची पुरुषमाणसं जेवायला बसली होती. जाऊबाईंनी तवा चढवला होता, भासरे पानावर वाट बघत होते, आणि इतक्या दिवसांनी हिरवं बघून त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलं.

मी त्यांच्यापुढून गेले आणि ती जुडी हंसांपुढे टाकली.

"घ्या बाप्पा हो," मी म्हटलं. "वचन तुमालेच देलं होतं."

भासरे त्या दिवशी कोरडी भाकर जेवले.